आईंचे डोळे आणि माझा फोन

प्रांजलला कडेवर घेतलेल्या सासूबाई भिंतीला टेकल्या आणि हळूहळू खाली बसल्या. बाळ घट्ट धरलेलं, डोळे गच्च मिटलेले. "घर फिरतंय गो," म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी नातीला उचललं नाही. "नको, पाडीन." मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेली ही बाई पाळण्यापासून लांब बसायची, ते मला बघवेना.

दवाखान्यात दोनदा गेलो. पोचेपर्यंत त्या ठणठणीत. माझा नवरा मिथुन म्हणाला, "चक्कर म्हणजे अशक्तपणा." टॉनिक आलं. मला बघत राहायची खोड. डाव्या कुशीवर वळल्या की फिरतं, थोड्या वेळात थांबतं. आणि तेव्हा मिटल्या पापण्यांखाली बुबुळं हलतात.

"आई, डाव्या कुशीवर व्हा. मी शूटिंग घेते."

"आजारी मानसाचं शूटिंग? याड लागलं का?" वळल्या, पण पदर तोंडावर.

पदर काढला तरी डोळे मिटलेलेच. शेवटी प्रांजलला मांडीवर, फोनच्या मागे बसवलं. "आई, नात बघतेय तुमच्याकडे."

डोळे उघडले. बुबुळं झटके देत फिरत होती. मी फोन हलू दिला नाही.

कामोठ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तो व्हिडिओ सावकाश करून पुन्हा पुन्हा पाहिला. "नेमकं टिपलंत. डाव्या कानातले, तोल सांभाळणारे बारीक खडे जागचे सरकलेले दिसतायत." खाटेवर झोपवून, मान वळवून त्यांनी खात्री केली. मग डोकं एकेका बाजूला वळवत ते खडे जागेवर नेले.

"कानात खडे?" सासूबाई उठून बसत म्हणाल्या. "मिठाचं असतील. जलम मिठागरात गेला."

डॉक्टर हसले. "हा व्हिडिओ माझ्या विद्यार्थ्यांना दाखवला तर चालेल?"

"दाखवा. पन सुनेचा नाव सांगा. एमेस्सी हाय ती."

मी बी.कॉम. आहे. दुरुस्त केलं नाही. विचुंब्याला घरी परत येईपर्यंत रिक्षावाल्यालाही मी एमेस्सी असल्याचं कळलं होतं.

सकाळी प्रांजल रडली. सासूबाई डाव्या कुशीवर वळल्या, क्षणभर थांबल्या, घर फिरतंय का म्हणून पंख्याकडे रोखून पाहिलं. मी दोन्ही हात पुढे करून उभी.

"सरक गो, मधी नको येऊ," म्हणाल्या आणि नातीला उचलून खांद्यावर घेतलं.