हमरस्त्यावरचा एमिल

एमिल कुचेरा ऑक्टोबरात गेला, आणि तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या. त्यामुळे शाळा मंडळाच्या एकुलत्या एका जागेसाठी गावापुढे दोन नावं उरली, एक जिवंत आणि एक मेलेलं. जिवंत नाव मार्लीसचं होतं.

मार्लीसला मंडळावर जाऊन एकच काम करायचं होतं. शाळेची बस हमरस्त्याच्या पलीकडच्या कडेला थांबे. ती अलीकडे, धान्याच्या कोठारापाशी आत वळवून घ्यायची, म्हणजे पोरांना रस्ता ओलांडावा लागणार नाही. तिचा थोरला, कर्ट, धुक्यात तोच रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेला होता. आता धाकटी जोलीन रोज त्याच जागी उभी राहायची. एवढं होऊनही मंडळाने बस वळवली नव्हती, आणि त्याला कारण एमिलच होता.

एमिल वाईट नव्हता. वाईट असता तर मार्लीसचं काम सोपं झालं असतं. कर्ट पडला तेव्हा मागून येणारा एमिलच पिकअपमधून उतरला आणि पोराचं डोकं मांडीवर घेऊन गारठलेल्या रस्त्यावर बसून राहिला. पुढच्या आठवड्यापासून तो रोज सकाळी आपली निळी पिकअप रस्त्याच्या कडेला तिरकी लावू लागला. दिवे लुकलुकत ठेवायचे, ट्रकना हात करायचा आणि पोरांना पलीकडे धाडायचं. मग मंडळ म्हणालं, एमिल आहे ना, बस कशाला वळवायची? मंडळात बसलेला एमिलही म्हणाला, ‘मी आहे तोवर काळजी नको.’ भल्या माणसाची ही एक खोड असते. भोकावर तो स्वतः पाय देऊन उभा राहतो आणि भोक कुणी बुजवतच नाही.

आमच्या नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात मेलेल्याच्या नावाची प्रचाराची पाटी दुसऱ्याने उपटायची नसते, ते काम घरच्यांचं. एमिलला घरचं कुणी नव्हतं. म्हणून अंगणाअंगणात त्याच्या पाट्या तशाच उभ्या राहिल्या, ‘पुन्हा एमिलच’. मार्लीस दारोदार फिरायची आणि प्रत्येक दाराशी तिला आधी तो भेटायचा.

“तुझं पक्कंच आहे गं,” म्हातारी ब्लांश तिच्या हातावर खसखस भरलेला गोड पाव, कोलाची, ठेवत म्हणाली. “मेलेल्याशी लढत म्हणजे काय लढत आहे का? पण काल कोठारापाशी त्याची गाडी दिसली बघ मला.”

“ती गाडी लिलावात विकली गेली, ब्लांशमावशी.”

“ते ठाऊक आहे मला. तरी दिसली.”

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. एमिलची मेल्यावरही गेली नाही असं गावाचं मत पडलं. ट्रकवाले पेट्रोल पंपावर सांगत, त्या थांब्यापाशी निळं काहीतरी दिसतं, पाय आपोआप ब्रेकवर जातो. एमिल गेल्यापासून मार्लीस शेतावरची पहाटेपाळी रोज मधेच टाकून यायची आणि जोलीनचा हात धरून तिथूनच रस्ता ओलांडायची. तिला कधी काही दिसलं नाही, आणि आपल्यालाच का दिसत नाही याची तिला भीती वाटायला लागली होती.

चर्चच्या तळघरातल्या जेवणाला मंडळाचा अध्यक्ष व्हर्न तिच्यासमोर येऊन बसला. “बघ मार्लीस, गाड्या अजून तिथे हळू होतायत. मग बसचा हट्ट कशाला?”

“म्हणजे पोरं भुताच्या भरवशावर सोडायची?”

“पगार मागत नाही, डिझेल मागत नाही. असा कर्मचारी मला दुसरा दाखव,” व्हर्न म्हणाला, आणि सगळं टेबल हसलं. मार्लीसने ताट सरकवलं.

मतदान अग्निशमन बंबाच्या खोलीत झालं. संध्याकाळी निकाल वाचला. एमिल निवडून आला होता, आणि थोडक्यात नव्हे, चांगला दणक्यात. गाव एकमेकांकडे चोरासारखं बघत होतं. प्रत्येकाचा हिशेब एकच होता. मार्लीस येतेच आहे, मग आपलं एक मत म्हाताऱ्याला निरोपाचं द्यायला काय हरकत? कुणाचं गवत त्याने कापून दिलं होतं, कुणाच्या बापाच्या उशाशी तो बसला होता. भीड ही भिकेची बहीण, ती अशी गावभर फिरली होती.

“जागा वसंतापर्यंत रिकामी ठेवू,” व्हर्नने टोपी काढून जाहीर केलं. “त्याचा मान म्हणून. बसचं मग बघू.”

मार्लीस बाहेर गाडीत जाऊन बसली. नवरा, ड्वेन, स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. किल्ली फिरवत नव्हता.

“तूसुद्धा?” तिने विचारलं.

“पोराचं डोकं त्याने मांडीवर घेतलं होतं, मार्लीस. मी पोचलो नव्हतो, तो होता.” ड्वेन समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. “तोंडाने कधी आभार मानले नाहीत मी त्याचे. तिथे पडद्यामागे नाव दिसलं त्याचं. वाटलं, तुला काय, गाव देईलच.”

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण कर्ट त्या रस्त्यावर एकटा गेला नाही, हे एकच सुख तिच्याजवळ होतं आणि तेही एमिलचंच देणं होतं. ती नुसती रडली.

सकाळी दाट धुकं होतं. थांब्यासमोर, अलीकडच्या कडेला, जोलीन आणि शेजारच्या नोव्होत्नींची तिन्ही पोरं उभी होती. जोलीनचा मोजा निसटला म्हणून मार्लीस वाकली, तेवढ्यात पोरीने हात सोडवून घेतला, डावीकडच्या रिकाम्या कडेला मान डोलावली आणि रस्त्यावर पाऊल टाकलं.

मार्लीसने जॅकेटच्या टोपीला धरून तिला मागे खेचलं. ट्रक तोंडासमोरून गेला. त्याने वेग जराही कमी केला नव्हता.

“एमिल आजोबांनी हात केला होता,” जोलीन घाबरून म्हणाली.

मार्लीसने बाकीच्या पोरांकडे पाहिलं. तिघंही त्याच रिकाम्या कडेकडे बघत होती, इशाऱ्याची वाट बघत होती.

“इथून हलायचं नाही. कुणीही हात केला तरी नाही,” ती म्हणाली, आणि घराकडे धावली. गाडी आणून तिने त्याच कडेला तिरकी लावली, दिवे लुकलुकत ठेवले आणि रस्त्यात उभी राहून हात वर केला. धुक्यातून आलेला टँकर करकरत थांबला. पोरं ओलांडून गेली.

जोलीन मधेच थबकून तिच्या मागे बघत राहिली.

“काय गं?”

“आजोबा चालले,” जोलीन म्हणाली. “आता तू आलीस ना.”

बस निघून गेली. व्हर्नची गाडी हळूच शेजारी येऊन थांबली, काच खाली झाली.

“हे झकास केलंस, मार्लीस,” तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. “आता बस वळवायची गरजच उरली नाही.”

तिला ते हात वर करतानाच कळलं होतं. उद्या आपण आलो नाही तर काय होईल हेही कळत होतं. शेतावरची पहाटेपाळी आता कायमचीच सोडावी लागेल असं ड्वेनला सांगायला ती घरी गेली.