शिवणीच्या लाकडाचा बेस

आर्केस्ट्रात गाणाऱ्याला सगळे ओळखतात, ढोलकीवाल्याला पोरं डोक्यावर घेतात, आणि बेस गिटारवाली चुकून दिसलीच तर विचारतात, "ही बाई मागं उभी राहून काय करते?" काय करते ते ऐकायचं असेल तर मला मधेच थांबवून बघा. गाण्याच्या पायाखालची जमीनच निघून जाते.

भंडाऱ्यात भैय्यालालजींची भीमगीतांची पार्टी आहे, तिथं मी बेस वाजवते. माझी जुनी गिटार म्हणजे निव्वळ धोंडा होता. पट्टा डाव्या खांद्यावर यायचा आणि तो खांदा असा धरला की मला वेणीसुद्धा घालता येईना. डॉक्टर म्हणाले, वजन उचलणं बंद. भैय्यालालजी म्हणाले, "रीताबाई, खुर्ची देतो. बसून वाजवा."

"मी का पंगतीत जेवाले आली का? बेस उभ्यानंच वाजवन."

ते चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, "करडीच्या विहारात वर्षावास समापनाचा कार्यक्रम हाय. तीन तास उभ्यानं निभावलं तर ठीक. नाई तर बेस अनुप कीबोर्डवर डाव्या हातानं वाजवन. पार्टी तं चालवा लागते ना." म्हणजे करडीत खांद्यानं दगा दिला की माझी जागा गेली. आणि माणूस चुकीचं बोलत नव्हता.

घरी येऊन मी नवऱ्यापुढे सगळा राग काढला. अश्विन दारं-खिडक्या, दिवाण बनवतो. त्यानं गिटार हातात तोलली. "एवढं जड काहून? आत लोखंड भरलं का?"

"लाकूडच हाय."

"मंग लाकूड बदलू," तो म्हणाला. भाजी बदलावी इतक्या सहज.

मी उडालेच! त्या क्षणापासून दुसरं काही सुचेना. पण नव्या गिटारीला मान, तारा, खुंट्या, सगळं जुनीचंच लागणार होतं. काम फसलं तर जुनी गेली आणि नवीही नाही. अश्विननं पहिला स्क्रू काढला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच कढई परत घासली.

लाकडावरून मात्र भांडण झालं. मला शिवणीचं हवं होतं, हलकं आणि न वाकणारं. अश्विनला सागवानाखाली बोलणंच माहीत नाही. "शिवणीचं? लोकं का म्हणतीन? अश्विननं बायकोले सागवान नाई देल्लं!"

"मंग सागवान तुमच्या खांद्यावर घ्या. मी नाई घेत."

शिवण आली. त्यानं पटाशीनं आतून कप्पे पोखरले, वर पातळ फळी चिकटवली, रंधा मारला, पॉलिश केलं. मानेच्या दोन्ही बाजूंना पुढं येणारी शिंगं आखूड आणि गोल ठेवली. मोठं देखणं दिसत होतं ते! आमच्या गल्लीच्या टोकाला पितळी भांड्यांचं दुकान आहे. तिथल्या काट्यावर गिटार ठेवली तर जुनीपेक्षा दीड किलोनं कमी. मी दुकानातच ओरडले. एका गिऱ्हाईकाच्या हातून तांब्या पडला.

घरी तारा चढवल्या, पट्टा गळ्यात घातला, हात सोडले, आणि गिटारीची मान धाडकन माझ्या गुडघ्यावर आली.

अंग हलकं केलं, मान तेवढीच जड राहिली. आता डाव्या हातानं मान उचलून धरायची की सूर दाबायचे? खांद्याबरोबर मनगटही बोलायला लागलं.

"थांब," अश्विन म्हणाला, "आपण पितळेच्या भंडाऱ्यात राहतो का कुठं राहतो?" गेला आणि त्याच दुकानातून पितळेचा जाडजूड तुकडा घेऊन आला. तो गिटारीच्या शेपटाला ठोकला. मान वर आली! आम्ही दोघं अंगणात नाचलो. मग काट्यावर ठेवून पाहिलं. जुनीपेक्षा जड. दुकानदार गल्ल्याकडे तोंड करून हसला. असला वेडेपणा आमच्याच गावात होऊ शकतो.

मी तोंड फुगवून माहेरी निघून गेले. दिघोरीला धानाची रोवणी चालू होती आणि तेजरामदादाला माणसं कमी पडत होती. मला वजन उचलायचं नव्हतं, पण वाकायला कोणी बंदी केली नव्हती. मी चिखलात उतरले.

दादा बांधावरून कावड घेऊन आला. बांबूच्या दोन्ही टोकांना धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या पेंढ्या लटकत होत्या. पुढच्या निम्म्या पेंढ्या त्यानं आमच्या बांधीत, खाचरातल्या चिखलात टाकल्या. पुढचं टोक हलकं झालं, मागचं खाली ओढायला लागलं. दादानं बांबू खांद्यावरून हातभर पुढं सारला, मागच्या ओझ्याच्या जवळ खांदा नेला, आणि चालू पडला. दोन्ही टोकं सारखी.

मी हे जन्मल्यापासून पाहत आले होते. तरी त्या दिवशी चिखलात उभी राहून किंचाळले, "दादा, थांब! अजून एक डाव कर!"

"तुले का झालं वो?"

त्यानं परत करून दाखवलं. एक पेंढीही जास्तीची न घेता! मी चिखलाच्या हातानं फोन लावला. "पितळ फेका! वजन कायले टाकता? खांदा सरकवा!"

"कोणाचा खांदा? काय बोलून राहिली तू?"

समजावताना माझ्या तोंडातून शब्द एकमेकांवर पडत होते. गिटारीचा पट्टा जिथं अडकवतो ते वरचं टोक मानेकडे न्यायचं. मान जड आहे ना, मग जड बाजूच्या जवळ जायचं! पलीकडे अश्विनची पेन्सिल फळीवर खरखरायला लागली.

"वरचं शिंग लांब करा लागन," तो म्हणाला. "मानेवरच्या बाराव्या पट्टीपर्यंत. बैलासारखं दिसन ते."

"दिसू द्या!"

दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याच्या एसटीत होते. त्या देखण्या शिंगावर करवत चालवताना अश्विनचा चेहरा पाहवत नव्हता. त्यानं खाच पाडली, शिवणीचाच लांब तुकडा बसवला, शिकंज्यात आवळला. वाळेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याभोवती घिरट्या घालत होतो.

मग पट्टा घातला. उजवा हात सोडला. डावा सोडला.

"हालू नको," अश्विन कुजबुजला.

"मी नाई हालून राहिली."

"ते बी नाई हालून राहिलं!"

त्यानं बोटानं मान खाली दाबली. ती झुलली आणि आपल्या जागी परत आली. मला रडू फुटलं, चांगलं मोठ्यानं. त्यानंतर करडीपर्यंत मी रोज वाजवलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या आणि आम्ही गिचका भात खायचो.

करडीला भोजनदान आटोपून दुपारी कार्यक्रम सुरू झाला. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. भैय्यालालजींनी माझ्या गिटारीचं लांब शिंग पाहिलं आणि अनुपला हळूच तयार राहायला सांगितलं. ते मी ऐकलं. ऐकलं म्हणूनच पहिलं गाणं असं वाजवलं की ढोलकीवाला वळून बघायला लागला. तिसऱ्या गाण्याला माझे पाय आपोआप चालायला लागले. मी कधी नव्हे ती मागची जागा सोडून गायिकेच्या बाजूला जाऊन उभी राहिले. समोर पांढऱ्या लुगड्यातल्या बाया टाळ्यांवर होत्या, आणि त्या टाळ्या माझ्या तारांवर पडत होत्या!

अर्ध्यावर भैय्यालालजींनी खुणेनं विचारलं, अनुपला देऊ का? मी मानेनंच नाही म्हटलं. अनुपनं हसत डावा हात कीबोर्डवरून उचलला आणि लोकांना दाखवला. शेवटचं गाणं लोकांनी पुन्हा गायला लावलं, मग पुन्हा एकदा.

वायरी गुंडाळताना भैय्यालालजी अनुपला म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमापासून तू डावा हात खिशात ठेव."

गर्दीतून वाट काढत अश्विन धावतच आला. त्याला धाप लागली होती.

"दुखते का खांदा?"

मी गिटार गळ्यात तशीच घेऊन त्याच्याकडे बघत राहिले.

"कोणता?"