वाटेपल्याडचा घास

कस्तुराबाईचं डोकं सकाळी सकाळीच फिरलं. समोरच्या येसूबाईच्या पायरीवर काल सांजच्याला ठेवलेलं ताट तसंच होतं, आणि त्यातली भाकर दोन कावळे निवांत ओढत होते. सलग तिसरा दिवस! माणसानं अन्नाला शिवायचंच नाही म्हणजे काय?

येसूबाई म्हणजे कस्तुराबाईची जिवाभावाची मैत्रीण. दोघी कान्हे गावच्या लेकी, एकाच वर्षी भाजे गावात सुना होऊन आल्या, त्याही समोरासमोरच्या घरांत. मधे बैलगाडी जाईल एवढीच वाट. चाळीस वर्षांत त्या वाटेला एक दिवस उसंत मिळाली नव्हती. कालवणाची वाटी इकडून तिकडं, भांडण तिकडून इकडं.

आणि या मेल्या करोनानं नेमकी तीच वाट बंद केली. येसूबाईचा नवरा कोंडाजी तापानं फणफणला, आपल्या पायांनी चालत जाऊन अँब्युलन्समध्ये बसला, आणि आठव्या दिवशी दवाखान्यातून फोनच आला. मुलगा अमृत स्वतः पॉझिटिव्ह, कोविड सेंटरात अडकलेला. तिकडचं तिकडंच सगळं उरकलं. बिचारीला ना तोंड बघता आलं, ना पाणी पाजता आलं. वर तिच्या दाराला कागद चिकटवला, चौदा दिवस आत कुणी जायचं नाही आणि तिनं बाहेर यायचं नाही.

एरवी मयताच्या घरी चूल पेटत नाही, पण घर रिकामंही राहत नाही. शेजारणी भाकर-पिठलं घेऊन जातात, घरच्या बाईला गळ्याशी धरतात, पोटभर रडू देतात आणि पहिला कडू घास आपल्या हातानं तिच्या तोंडात घालतात. तो घास परक्या हातानंच जायचा असतो. आपल्या हातानं कुणाला जातो?

कस्तुराबाई पहिल्याच दिवशी निघाली होती. पण मुलगा आडवा आला. संदेश मळवलीला एका बंगल्याची राखण करायचा, चार शहाणी माणसं बघितलेला. "आये, तुला शुगर हाय. वाट ओलांडायची न्हाई."

"अरं, दुःखाच्या दारात जायाला बी आता पास काढायचा का?"

"तुला काय झालं तर मी कुटं जाऊ, आये?" त्याचा आवाज असा कापरा झाला, की ती मुकाट्यानं खाली बसली.

त्यानं फोन लावून दिला. येसूबाईनं उचलला, पण बोलेना. "रड की गं येसू," कस्तुराबाई म्हणाली. "येत न्हाई रडू," एवढंच पलीकडून आलं आणि फोन बंद झाला. रडायला कुणाचा तरी गळा लागतो, आणि फोनला कुठला आलाय गळा?

तर त्या सकाळी सून माधवीनं रोजच्यासारखी इन्सुलिनची सुई टोचली. सुईनंतर अर्ध्या तासात खायलाच हवं, डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. माधवीनं मास्क लावून समोरच्या पायरीवरचं ताट बदललं, हाक मारली आणि मागं आली. येसूबाई उंबऱ्यावर येऊन बसली. ताटाकडं तिनं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

कस्तुराबाईनं आपलंही ताट ओट्यावर मागवलं, पुढ्यात ठेवलं आणि ओरडली, "येसू! सुई घेतलीया मी. तू खाल्ल्याबगर मी घास घ्यायची न्हाई, सांगून ठेवते!"

येसूबाई भिंतीकडं बघत राहिली.

अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. माधवी रडकुंडीला आली, तिनं नवऱ्याला फोन केला. कस्तुराबाईच्या कपाळावर घाम डवरला, बोटं थरथरायला लागली, समोरचं दार हलल्यासारखं दिसू लागलं. खरं सांगायचं तर म्हातारी भ्याली. हा हट्ट अंगाशी येणार, हे तिला कळत होतं. पण आता माघार घेतली तर येसू गेलीच, हेही कळत होतं.

संदेश गाडी टाकून धावत आला. साखरेची चिमूट तिच्या ओठांशी नेली. तिनं दात घट्ट मिटले.

"आये, तोंड उघड! पाया पडतो तुज्या!"

तेवढ्यात पलीकडून आवाज फुटला. "ए संदेश, बघतोस काय? घाल की तिच्या तोंडात!" येसूबाई उठून उभी राहिली होती. चौकट धरून ती किंचाळत होती. "कस्तुरे, येडी का खुळी तू? ते गेले! गेले ते मला सोडून! आता तू बी जातीस व्हय गं?"

कोंडाजी गेल्यापासून 'गेले' हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. तो निघाला आणि बाई मटकन खाली बसली. मग जो हंबरडा फोडला, त्यानं सगळी आळी बाहेर आली. धोंडाबाई, भागुबाई, जी ती आपापल्या उंबऱ्यावर, पदरानं तोंड झाकून. वाट कुणी ओलांडली नाही, पण रडल्या मात्र सगळ्याजणी.

कस्तुराबाईनं साखर चघळली. मग भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि हात लांब करून समोर धरला. "येसू, आ कर."

येसूबाईनं लहान पोरासारखं तोंड उघडलं. आपल्या ताटातला घास आपल्याच हातानं, पण मैत्रिणीच्या हाताकडं बघत, तिनं आत घातला. कस्तुराबाईनं हातातला घास मग स्वतः खाल्ला.

बराच वेळ येसूबाई तो एकच घास घोळवत होती. गिळल्यावर तिनं विचारलं, "कस्तुरे, तितं दवाखान्यात त्यांना कुणी भरवलं असंल का गं?"

भरवलं असंल, असं म्हणायला कस्तुराबाईचं काय जात होतं? पण चाळीस वर्षांत ती येसूशी खोटं बोलली नव्हती.

"मला न्हाई गं ठावं," ती म्हणाली, आणि दुसरा घास मोडून तिनं पुन्हा हात लांब केला.