शब्द बदलून पाहा

मला वर्ग मिळाला तो आयता, वर्षाच्या मधोमध, वारलेल्या शिक्षकाचा. मुलं त्यांना जिराफ सर म्हणत, कारण ते ताडमाड होते आणि फळ्याच्या पार वरच्या कोपऱ्यात लिहीत. तिथे त्यांच्या अक्षरातली शेवटची तारीख अजून तशीच होती. माझा हात तिथवर पोचेना आणि शिपाई स्टूल आणतो म्हणाला तो आणतोच आहे, म्हणून ती राहिली.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. मुलं मला घाबरलेली चालतात. मी मुलांसमोर घाबरायचं म्हणजे अतीच झालं, पण पहिल्याच दिवशी घाबरले.

हाडांचा धडा होता. शाळेने शिक्षकांसाठी एक शोधयंत्र घेतलं होतं, फक्त अभ्यासाचं तेवढंच दाखवणारं. चित्रं, प्रयोग, छोटे व्हिडिओ. आपण टाइप करू ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या वर्गाला दिसायचं. मी 'हाड' एवढंच लिहिलं आणि चौकटीखाली आपोआप ओळी उघडल्या.

हाडांना थंडी वाजते का

हाडं अंधारात एकमेकांना ओळखतात का

मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "सर आले."

"कोण बोललं ते?" मी ओरडले. सगळे पडद्याकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला होता.

मधल्या सुट्टीत मी शाळेचे कॉम्प्युटर बघणाऱ्या भाऊंना गाठलं. ते निवांत डबा खात बसले होते.

"त्यात काय एवढं, बाई," ते म्हणाले. "खातं सरांचंच आहे. मी फक्त वरचं नाव काढून तुमचं लावलं. त्या खात्यातून आधी जे विचारलंय ते यंत्र लक्षात ठेवतं आणि तुम्ही सुरुवात केली की पुढे करतं. भूतबीत काही नाही."

"पण असले प्रश्न? शिक्षक होते की कोण होते?"

"तो त्यांचा खेळ होता हो." भाऊंनी घास गिळला. "तास संपताना सगळ्या वर्गाने मिळून असा प्रश्न काढायचा, की यंत्राने हात टेकले पाहिजेत. 'काहीही सापडलं नाही, शब्द बदलून पाहा' असं आलं, की वर्ग जिंकला. मग टाळ्या. आणि सर म्हणायचे, चला, आता आपलं आपण शोधायचं."

"पुसून टाका सगळं. मला शिकवायचंय."

"शनिवारी टाकतो." डब्याचं झाकण लावता लावता ते थांबले. "त्यांची मुलगी तुमच्याच वर्गात आहे, माहीत आहे ना? टाचणी म्हणतात तिला."

मला कोणीही सांगितलं नव्हतं. खिडकीजवळ बसणारी, किडकिडीत, सारखी वहीत मान घातलेली ती. सकाळी मी तिच्यावर दोनदा खेकसले होते.

पुढचे दोन दिवस मी जपून टाइप केलं. पूर्ण शब्द, तोही भराभर, म्हणजे खाली काही उघडायला वेळच मिळू नये. हे हवामानाच्या धड्यापर्यंत चाललं. 'थंडी' लिहिलं आणि नेमका खोकला आला. हात थांबला तेवढ्यात चौकटीखाली ओळ आली.

थंडी वाजते का बाबा

ही ओळ सरांची असणं शक्य नव्हतं. वर्गातलं एकही मूल खिडकीकडे बघत नव्हतं, यावरूनच कळलं की सगळ्यांना ठाऊक आहे.

मधल्या सुट्टीत मी उगाचच चष्मा विसरल्याचं निमित्त करून वर्गात परत गेले. पडदा चालू होता. टाचणी कॉम्प्युटरपाशी उभी होती. मला बघून ती दचकलीसुद्धा नाही.

"बाई, हळू या," ती म्हणाली. "बाबा लिहितायत."

तिने 'मी' टाइप केलं आणि हात मागे घेतला. खाली ओळ उघडली. मी इथेच आहे.

"बघितलंत? मी नुसतं 'मी' लिहिलं. पुढचं त्यांनी लिहिलं."

"हे तू आधी कधी लिहिलं होतंस का गं?"

"हो, काल. मी त्यांना सांगितलं, मी इथेच आहे. आज ते मला सांगतायत." मग ती माझ्याकडे वळली. "शनिवारी सगळं पुसणार आहेत म्हणे. तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"मग ते कुठे जातील?"

आयुष्यभर मी भल्याभल्यांना तोंडावर सुनावलं आहे. त्या पोरीपुढे मात्र, चष्मा डोळ्यावरच होता, तो काढून पुसत बसले.

घरी जेवण जाईना. पुसलं, तर तिच्या लेखी तिचे बाबा दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी माझ्या हातून. ठेवलं, तर ही पोर रोज मधल्या सुट्टीत डबा न खाता तिथे उभी राहणार, स्वतःच्याच शब्दांना बाबा समजून. दोन्हीची मला भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी आधी भाऊंकडे गेले आणि म्हटलं, पुसू नका, राहू द्या. मग वर्गात जाऊन म्हटलं, आज तुमच्या सरांचा खेळ खेळू.

मुलांनी गोंधळ घालून एक वाक्य काढलं. घुबडाला गणिताचा कंटाळा कधी येतो. यंत्राला काहीही सापडलं नाही. सवयीने टाळ्या पडल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तास संपताना मी फक्त 'घु' लिहिलं. खाली घुबड हजर.

"हे याला कोणी सांगितलं?"

"आपणच!" वर्ग ओरडला.

"म्हणजे हे याच्या मनात आलं का?"

"नाही हो बाई! आपण लिहिलं तेच परत दाखवतंय!" सगळे खदखदून हसले.

मी फक्त टाचणीकडे बघत होते. ती हसली नाही. ती पडद्याकडे बघत राहिली, मग हळूहळू तिचे खांदे खाली आले. मुलाला धडा समजल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. वाटलं, उठून तो पडदाच गुंडाळून ठेवावा.

ती उभी राहिली. "बाई, आजचा प्रश्न मी लिहू?"

नाही कसं म्हणणार? ती पुढे आली आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं. बाबा कुठे आहेत.

यंत्राने थोडा वेळ घेतला. काहीही सापडलं नाही. शब्द बदलून पाहा.

टाचणीने शब्द बदलले नाहीत. ती वर्गाकडे वळली आणि जरा रागावूनच म्हणाली, "जिंकलो ना आपण? मग टाळ्या?"

पहिली टाळी तिनेच वाजवली. मग एकेक करत सगळ्यांनी, आणि मीसुद्धा.

"चला," ती म्हणाली, "आता आपलं आपण..." पुढचं तिला जमेना. मी काही मुलांना जवळबिवळ घेणारी बाई नव्हे, पण तिला घेतलं. माझी साडी ओली होत होती.

त्यानंतर मधल्या सुट्टीत ती बाकीच्या मुलींबरोबर डबा खाऊ लागली.

पुढच्या आठवड्यात बाष्पीभवन होतं. माझ्या डोक्यात धडा होता, बाकी काही नव्हतं. 'बा' लिहिलं आणि हात गोठला, कारण पहिलीच ओळ तिची होती. बाबा कुठे आहेत. मला काही केल्या पुढचं अक्षर सापडेना.

"बाई," खिडकीजवळून आवाज आला, "खालची ओळ बघा. बाष्पीभवन दुसरं आहे."