कारणाचा रकाना

दवाखान्याच्या नोंदखोलीत ताईला सगळे ‘सुसाट’ म्हणत. इतरांचं काम दुपारपर्यंत रेंगाळे, ताईचं चहा यायच्या आत आटोपलेलं असे.

काम तसं साधंच होतं. जखमी माणसांची नावं आणि पत्ते पुढच्या खिडकीवरच संगणकात चढत. ताईकडे यायच्या त्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. एकेक चिठ्ठी वाचून यादीतला ‘इजेचे कारण’ हा रकाना भरायचा. शनिवारी यादी पोलीस चौकीत जाई. ‘मारहाण’ असं जिथे लिहिलेलं असेल, त्या घरी चौकीतून माणूस जाई. बाकीच्यांकडे कोण कशाला जातो?

बायकांची यादी वेगळी असे; त्यांच्या चिठ्ठ्यांवर बहुतेक एकच असायचं, ‘घरात पडून’. तेच तेच लिहून ताईची बोटं कंटाळली होती. मग तिने युक्ती काढली. पहिल्या चौकोनात ते दोन शब्द लिहायचे, चौकोनाचा कोपरा माउसने पकडायचा आणि सरळ खाली ओढायचं. पापणी लवते न लवते तोच खालपर्यंतचा सगळा रकाना त्याच दोन शब्दांनी भरलेला. चिठ्ठ्या न वाचताच टाचून फायलीत. साहेबांनी तिच्या झपाट्याचं सगळ्यांदेखत कौतुक केलं होतं.

“काय गं सुसाट,” शेजारचा कारकून म्हणाला, “गावातल्या फरश्यांना तेल चोपडतात की काय? बायकाच कशा पडतात सगळ्या?”

“पुरुष घरात असतात कुठे पडायला?” ताई म्हणाली, आणि दोघं खळखळून हसली.

ताईचं लग्न झालेलं नव्हतं. ती धाकट्या भावाच्या घरी राहायची. आई, भाऊ, भावजय आणि ती. भाऊ गॅरेजात मिस्त्री होता. बाहेर सगळ्यांशी गोड, मित्रांसाठी जीव टाकणारा. घरात मात्र त्याची चप्पल दारात वाजली की भावजय हातातलं भांडं ठेवून भिंतीशी सरकायची.

त्या संध्याकाळी शर्टाचं बटण तुटलेलं निघालं. एवढंच निमित्त. त्याने तिचा हात धरून कपाटाच्या फटीत घातला आणि दार खांद्याने दाबलं. मनगट मोडल्याचा आवाज बाहेरच्या खोलीत आला. आईने उठून टीव्ही मोठा केला. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती; घडी चुकली, तिने ती पुन्हा घातली.

“डॉक्टरांनी विचारलं तर न्हाणीत पडले म्हण,” दवाखान्यात जायला गाडीत बसताना आईने सुनेला बजावलं. “घराची अब्रू आहे.”

दुसऱ्या दिवशी यादीत भावजयीचं नाव ताईला दिसलं. काय लिहिलेलं असणार ते ठाऊकच आहे, असं ती मनाशी म्हणाली. कोपरा धरला आणि त्या नावावरून जरा जास्तच जोरात खाली ओढला.

पुढे काही दिवस घर शांत होतं. फक्त भावजय विचित्र वागायची. दारावर टकटक झाली की प्लास्टरचा हात सावरत पळत जायची. दारात पेपरवाला नाहीतर दूधवाला. ती तशीच माघारी फिरायची. “कुणाची वाट बघतेस गं एवढी?” ताईने एकदा विचारलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मग तो रविवार आला. भात करपला होता. भावाने पातेलं तसंच उचललं आणि तिच्या तोंडावर मारलं. ती खाली पडली, तर केस धरून त्याने तिला ओट्यापासून मोरीपर्यंत फरफटत नेलं. कमरेला गाड्यांचा जाड पाना होता, तो काढला. एकदा खांद्यावर, एकदा बरगड्यांवर. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा ती ओरडायचीही थांबली होती. मोरीच्या पाण्यात रक्त आणि दोन दात वाहत चालले होते. ताई दारात उभी होती. “मरेल रे ती,” आई म्हणाली, “पुरे आता.” भाजी पुरे म्हणावं तशा आवाजात.

दुसऱ्या सकाळी दवाखान्यात शुद्ध आल्यावर भावजयीने ताईचं बोट धरलं. ओठ सुजलेले, शब्द कसेबसे निघत होते.

“ताई, मी मागच्या वेळी खरं सांगितलं होतं. नवऱ्याने हात मोडला म्हणून. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर लिहून घेतलं. म्हणाल्या, घाबरू नको, चौकीतून येतील.” तिने श्वास घेतला. “कुणी आलंच नाही हो. म्हटलं, माझं कुणाला खरं वाटलं नसेल.”

ताई धावतच नोंदखोलीत गेली आणि फाईल उपसली. चिठ्ठी सापडली. ‘पतीकडून मारहाण, मनगट मोडले.’ आणि ती एकटीच नव्हती. ‘पडून’, ‘पडून’, आणि मध्येच एक, ‘सासऱ्याने उकळते पाणी ओतले’. पुन्हा ‘पडून’, आणि खाली, ‘मुलगी झाली म्हणून मारहाण’. जीव मुठीत धरून बोललेल्या बायका, आणि त्यांच्या बोलण्यावरून ताईचा माउस फिरून गेला होता.

ती संगणकासमोर बसते न बसते तोच भाऊ आणि आई आत आले.

“ताई, आजचं पण नेहमीचं टाक,” भाऊ म्हणाला. “उगाच शोभा नको.”

“तिचे दात पडलेत.”

“मग? दोन शब्द तर भरायचेत. रोज भरतेस.”

“रोज भरते, तेच तर चुकलं.” ताईने बोटं कळफलकावर ठेवली आणि एकेक अक्षर लिहू लागली.

“कुणाच्या छपराखाली राहतेस, विसरलीस?” भावाने तिची मान पकडली आणि डोकं टेबलाच्या कडेवर आदळलं. कपाळ फुटलं. कळफलकावर रक्त सांडलं. कारकून ओरडला, शिपाई धावले, तिघांनी मिळून त्याला भिंतीशी दाबून धरलं. ताईने डोळ्यांत उतरलेलं रक्त पुसलं आणि वाक्य पुरं केलं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. “काय झालं?”

“पडली ती,” आई घाईघाईने म्हणाली.

“पडले नाही. माझ्या भावाने मारलं,” ताई म्हणाली. “आणि आई, तू बघत होतीस. मीही इतके दिवस बघतच होते.”

आई पदराने कळफलक पुसायला लागली.

शनिवारची वाट ताईने पाहिली नाही. टाके घातल्या घातल्या ती चिठ्ठ्या आणि संगणकातले पत्ते घेऊन चौकीत गेली. भावाविरुद्धची तक्रार आधी लिहून दिली, मग एका पोलीसबाईला सोबत घेतलं. पहिलं घर उकळत्या पाण्याचं. जिना चढून दोघी वर गेल्या. दार म्हाताऱ्या सासऱ्याने उघडलं. पाऊसपाण्याचं बोलावं तसं शांतपणे तो म्हणाला,

“सून? ती नाही आता. मागच्या आठवड्यात जिन्यावरून पडली. माती झाली.”

आत एक लहानगी जमिनीवर बसून डब्याची झाकणं मांडत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

ताईने कठडा घट्ट धरला. मग हातातली चिठ्ठी उघडून, त्या माणसाच्या डोळ्यांत बघत, सगळा जिना ऐकेल अशा आवाजात तिने ती वाचली. वरच्या मजल्यावरची दारं उघडली. खालची उघडली. शेजारी बाहेर येऊन उभे राहिले. या सगळ्यांनी त्या सुनेच्या किंकाळ्या ऐकल्या असणारच.

“कुणी काही ऐकलं होतं का?” पोलीसबाईने विचारलं.

जो तो दुसऱ्याकडे बघू लागला.

“मी थांबते,” ताई म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसली. “तुमच्यातलं कुणीतरी बोलेपर्यंत मी इथून हलणार नाही.”