खुदेजाच्या मापाचं धनुष्य

खुदेजाचा उजवा खांदा धरला आणि हात कानापर्यंतही जाईना, तेव्हा तिचे केस इम्रान विंचरू लागला. इम्रान तिचा नवरा. मस्कतला अल मवालेहच्या मंडईत त्याचा कांद्याबटाट्याचा घाऊक व्यापार होता. वेणी त्याने जन्मात घातली नव्हती, त्यामुळे गोणीचं तोंड बांधावं तशी तो ती बांधायचा. वेणी दिवसभर सुटत नसे. रात्री सोडवायला मात्र दोघांनाही बसावं लागे.

खांदा मोकळा झाल्यावर फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, "आता हाताला रोज काम द्या. पोहायला जा." खुदेजा रत्नागिरीकडच्या खाडीकाठी वाढलेली, हौस म्हणून पाण्यात उतरावं हे तिला पटेना. घराजवळच्या क्लबात पोहण्याच्या तलावामागे तिरंदाजीचं मैदान होतं. ती तलाव ओलांडून तिकडे गेली.

तिथला प्रशिक्षक यासिर सूर गावचा ओमानी होता आणि तिच्याशी हिंदीत बोलायचा. खुदेजाच्या मुलीचं नाव मुस्कान, म्हणून तो तिला 'उम्म मुस्कान', म्हणजे मुस्कानची आई, म्हणायचा. त्याने सर्वात हलकं धनुष्य तिच्या हातात दिलं. पहिला बाण लक्ष्याच्या खालच्या वाळूत गेला. दुसरा मधल्या पिवळ्यात लागला. खुदेजा त्या पिवळ्याकडे बराच वेळ बघत राहिली. घरी आल्यावर इम्रानने विचारलं, "कसं होतं?" ती म्हणाली, "बरं होतं." तिच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती त्याने फक्त एकदा ऐकली होती, जावयाबद्दल.

क्लबातली धनुष्यं सगळ्यांची होती, म्हणजे कुणाच्याच मापाची नव्हती. थोड्याच महिन्यांत तिला स्वतःचं धनुष्य हवंसं वाटू लागलं. घरी अबाया शिवून साठवलेले पैसे होते, पण ते बेताचेच. यासिर म्हणाला, "स्पर्धेची धनुष्यं फार महाग असतात. तुम्ही शिकारीचं साधं, चाकांचं कंपाउंड धनुष्य घ्या. दोरीची ओढ कमीजास्त करता येते, ओढायची लांबीही बदलता येते. दुबईहून मागवू. कागदपत्रं क्लब बघेल."

तिने दुबईच्या दुकानात फोन केला.

"मुलाचं वय काय?" दुकानदाराने विचारलं.

"एकोणतीस वर्षांची मुलगी आहे. पुण्याला असते."

"तिला हे लहान पडेल, मॅडम. हे शाळकरी मुलं घेतात."

"तिला नकोय. मला हवंय."

दुकानदाराने पलीकडे पानं चाळली. मग म्हणाला, "रंग कुठला?"

इम्रानने हे सगळं ऐकलं आणि त्याला वाईट वाटलं. बायकोने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं आणि तेही पोराबाळांचं. तो म्हणाला, "दोन दिवस थांब. बाजारात पहिला भाव कधी घ्यायचा नसतो."

मस्कतच्याच वादी अदाई भागात एक परदेशी इंजिनिअर नोकरी संपवून मायदेशी निघाला होता. त्याने आपलं शिकारीचं धनुष्य विकायची जाहिरात दिली होती. मूळ किमतीच्या चौथाईत नेमबाजीची दुर्बीण, बाणांचा भाता आणि पेटीसकट. हरणं मारायचं धनुष्य मस्कतमध्ये आणून त्याने काय केलं, हे इम्रानने विचारलं नाही. त्याने फक्त भाव आणखी पाडला आणि खुदेजाचे पैसे देऊन पेटी घरी आणली.

"उघड," तो म्हणाला.

धनुष्य झाडपाल्याच्या रंगाचं होतं. खुदेजाने ते उचललं आणि दोरी ओढली. दोरी वीतभर आली आणि थांबली. तिने पाय रोवले, श्वास घेतला आणि पुन्हा ओढली. दोरी तिथेच थांबली.

"ओढ केवढी आहे?"

"सत्तर पौंड. सगळ्यात जास्त," इम्रान अभिमानाने म्हणाला.

"मी तीस ओढते."

"म्हणजे पुढे वाढायला जागा आहे. दे इकडे, मी दाखवतो."

भरल्या गोण्या खांद्यावर घेणारा माणूस तो. लाल होत, ओठ चावत त्याने दोरी गालापर्यंत आणली. आणली खरी, पण धरून ठेवता येईना आणि हळू सोडताही येईना. बाण न लावता दोरी सोडायची नसते, हे क्लबात पहिल्या दिवशी शिकवतात. इम्रान क्लबात गेला नव्हता.

"सोडू नका!" खुदेजा ओरडली.

त्याने सोडली. बैठकीत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. शेजारणीने दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. खुदेजा म्हणाली, "हो. यांनी धनुष्य आणलंय."

दुसऱ्या दिवशी यासिरने कापसाचा बोळा धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्यांवरून हळूहळू फिरवला. वरच्या पात्यावर एका जागी कापूस अडकला आणि त्याचा धागा तिथेच राहिला. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नव्हतं.

"तडकलंय," यासिर म्हणाला. "हे पुन्हा ओढू नका. पातं तोंडावर येईल. नवीन पाती घ्याल तर नवीन धनुष्याएवढा खर्च. आणि खलास नसतं झालं, तरी याची ओढायची लांबी तुम्हाला चार बोटं जास्त होती."

परतताना इम्रानने पेटी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. मग म्हणाला, "स्वस्त मिळालं म्हणून..."

"बारा वर्षं माझ्याकडे बायका येतात," खुदेजा म्हणाली. "दुसरीच्या मापाचा कपडा फुकट मिळाला, म्हणून घेऊन येतात. उसवून पुन्हा शिवायला नव्यापेक्षा जास्त पैसे लागतात. हे तुम्हाला मी किती वेळा सांगितलंय?"

"ते कपड्यांबद्दल होतं."



त्याच आठवड्यात इम्रानला एका माणसाचा फोन आला. जाहिरात त्यानेही पाहिली होती आणि इंजिनिअरने त्याला इम्रानचा नंबर दिला होता. त्याला हेच धनुष्य हवं होतं आणि इम्रानने दिले त्याहून जास्त पैसे द्यायची तयारी होती. खुदेजा समोर बसून मटार सोलत होती.  इम्रानने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"धनुष्य मिळणार नाही," तो म्हणाला. "पातं तडकलंय. दिसत नाही, पण आहे. मीच तोडलं." मग त्याने पुढे जोडलं, "दुर्बीण आणि भाता चांगला आहे. ते हवं तर या."

तो माणूस आला आणि दुर्बीण, भाता, पेटी घेऊन गेला. इम्रानने त्याच्याशी घासाघीस केली नाही. आलेल्या आणि राहिलेल्या पैशांत दुबईचं धनुष्य बसत होतं, पण फक्त जांभळं. काळं थोडं महाग होतं. जांभळं आलं.

रमजाननंतर क्लबात स्पर्धा झाली. आठ जणांत खुदेजा पाचवी आली. तिच्या पुढे एक बारा वर्षांची मुलगी होती. तिच्याकडे अगदी तसंच धनुष्य होतं, जांभळंच. दोघींनी एकमेकींच्या धनुष्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. इम्रान कडेला उभा राहून प्रत्येक बाणाला मंडईत लिलाव चालल्यासारखा ओरडत होता. यासिरने त्याला दोनदा समजावलं. शेवटी त्याला पाण्याच्या बाटल्या वाटायच्या कामाला लावलं.

लोक पांगल्यावर इम्रान खुदेजाजवळ आला.

"मी एक मारून बघू?"

खुदेजाने यासिरकडे पाहिलं. त्याने खिशातून चावी काढली, पेच आवळले, लांबी बदलली आणि ओढ चाळीसवर नेली. मग खुदेजाने स्वतः बाण लावला आणि धनुष्य इम्रानच्या हातात दिलं.

"कोपर वर," ती म्हणाली. "आणि मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

त्याने ओढलं.  खुदेजाने त्याचं कोपर बोटाने किंचित वर उचललं आणि त्याच्या गालाजवळून लक्ष्याकडे बघत राहिली. तिला घाई नव्हती.