गप्प बसवणाऱ्या टॅबची कबुली

मित्रांनो, मी एक टॅब आहे. 'जुना' म्हटलेलं मला फारसं आवडत नाही. पण माझी काच कोपऱ्यात तडकली आहे, बॅटरी तासाभरात मान टाकते आणि माझ्या वयाचे बहुतेक टॅब केव्हाच भंगारात गेले आहेत. तेव्हा म्हणा जुना, हरकत नाही. सध्या माझा मुक्काम एका ब्यूटी पार्लरच्या सर्वांत खालच्या खणात आहे. सोबतीला एक बंद पडलेला ड्रायर आणि दात मोडलेले कंगवे आहेत. सगळेच अबोल.

माझा जन्म कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काच पुसली, उजेडात तिरकी धरून नीट न्याहाळली आणि मला खोक्यात ठेवलं. इतक्या आस्थेने माझ्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही. मग एका बस चालवणाऱ्या गृहस्थांनी मला विकत घेतलं आणि मी या घरात आलो.

घराची पुढची खोली म्हणजेच पार्लर. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि सगळं काम करणारी एकटी आई. वडील सकाळी बसवर जायचे ते संध्याकाळीच परतायचे. त्यांची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. वडील तिला भिंगरी म्हणत, आणि ते नाव तिला अगदी शोभायचं. ती गिऱ्हाइकांच्या पर्स उघडायची, पाण्याची बाटली सांडायची, नळ सुरू करून विसरून जायची. एकदा तिने गरम मेणाच्या भांड्याची वायर ओढली. भांडं तिच्या पायापासून वीतभर अंतरावर पडलं.  दुसऱ्याच दिवशी मी घरात आलो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्या माउलीला नावं ठेवाल. तिने मला आळसाने आणवलं नव्हतं, भीतीने आणवलं होतं.

आणि मी काम चोख केलं! खुर्च्यांमागच्या स्टुलावर भिंगरी मला मांडीवर घेऊन बसायची आणि तासन्‌तास हलायची नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, "किती गुणाची पोर हो तुमची! नाहीतर आमची कार्टी!" आईचा चेहरा खुलायचा. मीही मनातून फुगायचो. केस कापता कापता आई आरशातून लेकीकडे लक्ष ठेवायची. पण भिंगरीची मान सदा खाली, त्यामुळे आरशात आईला दिसायचा तो फक्त तिचा भांग.

तिचं बोट मात्र मला कळायचं. ते एका चित्रावर कधी ठरलंच नाही. ससा गाणं म्हणायला तोंड उघडायचा तोवर ती पुढे. गाडी वळणावर यायची तोवर ती पुढे. हसायची थोडं, बघायची त्याहून थोडं. एकही गोष्ट तिने शेवटपर्यंत पाहिली नाही. ती बसलेली दिसायची, पण आतून ती पूर्वीसारखीच पळत होती. फक्त आता तिचं पळणं माझ्या काचेवर चाललं होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हतं. मला सांगता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, येत असतं तरी सांगितलं असतं का, कोण जाणे. कौतुक कुणाला नको असतं?

मग शाळा सुरू झाली. दुसरीत बाईंनी आईला बोलावून घेतलं. मुलगी जागेवर बसत नाही, लिहिता लिहिता उठून जाते, पेन्सिली हरवते, सांगितलेलं अर्धं ऐकते. आई चिडून घरी आली. तिच्याजवळ पुरावा होता ना! "घरी तीन-तीन तास एका जागी बसतेस. तेव्हा बरं लक्ष लागतं! शाळेत मुद्दाम करतेस तू." पुरावा म्हणजे मी. रोज अभ्यासाच्या वेळी माझं नाव निघायचं. वडील समजूतदार, पण तेही म्हणू लागले, "मनात आणलंस तर जमतं तुला, पण तू आणतच नाहीस."

एके दिवशी दुपारी खोलीत कुणी नव्हतं. भिंगरीने मला तोंडाजवळ धरलं. लिहिण्याचा तिला कंटाळा, म्हणून ती मला बोलून विचारायची. त्या दिवशी हळूच म्हणाली, "मी वाईट आहे का?"

मित्रांनो, मी तिला वीस कार्टून दाखवली. मला तेवढंच येतं. तिने सवयीने पहिल्यावर बोट ठेवलं. माझी काच ओली झाली होती. त्या खोलीत आम्ही दोघं होतो, आणि दोघंही एकटेच होतो.

हे पुढे किती वर्षं चाललं असतं कुणास ठाऊक. पण पार्लरमध्ये दर महिन्याला एक मावशी केस रंगवायला यायच्या. त्या बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या बाटल्यांत तडे शोधायचे, हे त्यांचं काम. डोक्याला रंग फासून अर्धा तास बसायचं असल्यामुळे एकदा त्यांची नजर आरशात भिंगरीवर खिळली. बाकीच्यांनी मुलगी पाहिली होती, मावशींनी बोट पाहिलं.

"अगं, ही बघत नाहीये काही," त्या म्हणाल्या. "नुसती ढकलतेय. मघापासून बघतेय मी, एक गोष्ट पुरी केली नाही पोरीने."

"मुलं असंच करतात, मावशी."

"माझा धाकटा असाच होता. त्याला आळशी म्हणून आम्ही फार बोललो गं. डॉक्टरांना दाखव एकदा."

आईचा कंगवा थांबला. "माझ्या मुलीला काही झालेलं नाही," ती फणकारली.  त्या दिवशी रंग धुताना मावशींच्या कानातही जरा पाणी गेलं.

पण गिऱ्हाईक गेल्यावर आई स्टुलाशेजारी जमिनीवर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या बोटाकडे. मग तिने डॉक्टरांकडे जायचं ठरवलं.

डॉक्टरांच्या टेबलावर मीही होतो. मला वाटलं, आता सगळं खापर माझ्यावर फुटणार. डॉक्टरबाई म्हणाल्या, "टॅबमुळे हे झालं, असं मी म्हणणार नाही. काही मुलांचं लक्ष मुळातच टिकत नाही. तिला आपण शिकवू, मदत करू. पण टॅबमुळे तुम्हाला ते दिसलं नाही. आणि थोडं थांबायची सवय लागण्याची वर्षं मात्र त्यात गेली." मग त्या भिंगरीकडे वळल्या. "तू मुद्दाम करत नाहीस, हे मला माहीत आहे."

आईने तिला एवढं घट्ट धरलं की मी टेबलावरून खाली पडलो. कोपऱ्यातला तडा तेव्हाचा. मला कुणी उचललंही लगेच नाही, आणि ते योग्यच झालं.

तेव्हापासून मी खणात आहे. पार्लरमध्ये आता गोंगाट असतो, दोन-चार गिऱ्हाइकं त्यापायी तुटली. भिंगरीच्या पेन्सिली अजून हरवतात. परवा एक बाई रडणारं मूल घेऊन आली. "ताई, तुमच्याकडे टॅब होता ना? द्या की थोडा वेळ." खण उघडला. उजेड आला. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. आईचा हात माझ्यावर पडला तोच भिंगरी म्हणाली, "नको. मी बसते त्याच्याजवळ."

ती बसली. चार मिनिटांनी उठून पळाली, आणि मग आपली आपण परत येऊन बसली. तोवर खण बंद झाला होता. आतून मला त्या मुलाचं हसणं ऐकू येत होतं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं मूल फारच शहाण्यासारखं गप्प बसलं असेल, तर त्याचं कौतुक करण्याआधी एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा. ते काय बघतंय ते बघा, आणि त्याच्याशी बोला. मला खणात ठेवलंत तर मला एकटं वाटेल, हे खरं आहे. पण घरात एकटं कुणी राहायचंच असेल, तर मी राहतो. मी वस्तू आहे, मला चालेल.